दोन लाल रेघा आणि तात्यांचं ऑपरेशन

"मॅडम, दोन रेघा आल्यात. कॅन्सरच आहे. शुक्रवारी घेतो ऑपरेशनला." सर्जन सरांनी पट्टी माझ्या नाकासमोर धरली.

नव्वदच्या दशकाची अखेर. नगरच्या एका हॉस्पिटलात मी पॅथॉलॉजिस्ट होते. त्याच आठवड्यात टाय लावलेला, औषध कंपनीचा एक एमआर ही नवी पट्टी देऊन गेला होता. तिच्यात सोन्याचे कण असतात, इतके बारीक की ते पिवळे नाही, लाल दिसतात. पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तिचं एक प्रोटीन रक्तात वाढलं, की हे कण त्याला चिकटतात आणि दुसरी लाल रेघ उमटते.

पेशंट म्हणजे काष्टी गावचे तात्या. वय सत्तर, लघवी तुंबलेली. आणि ऑपरेशन म्हणजे दोन्ही अंडकोष काढणं. या कॅन्सरची वाढ त्याने रोखता येते.

"सर, बायोप्सी नको का? तुकडा बघितल्याशिवाय?"

"पट्टीत सोनं आहे, मॅडम. तुमच्या मायक्रोस्कोपात काय आहे?"

"काच," मी म्हटलं आणि वॉर्डात गेले.

तात्यांच्या बायकोला विचारलं, "त्रास कधीपासून?"

"चार दिस झालं, लई ताप हाय. गावात लघवीला दोनदा नळी घातली, दोनदा निघाली."

मी लघवी तपासली. पू खच्चून भरलेला. इन्फेक्शन झालं किंवा नळीची ओढाताण झाली, तरी तेच प्रोटीन वाढतं. एमआरने दिलेल्या कागदावरही हे लिहिलेलं होतं, अगदी मुंगीएवढ्या अक्षरात. मी तो सरांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि शुक्रवार रद्द केला.

"मॅडम, काय कापनार हुते?" तात्यांनी विचारलं. मी सरळ सांगितलं. 

बायको पदराआड हसली. "आता या वयात काय करायचंय त्येंचं?"

"तू गप. माजं हाय, ऱ्हाऊ दे!"

इन्फेक्शन उतरल्यावर बायोप्सी झाली. एकेक तुकडा मी तीनतीनदा पाहिला. चुकले असते तर तात्या जिवानिशी गेले असते. कॅन्सर नव्हता. वयाने वाढलेली साधी प्रोस्टेट.

"भिकार टेस्ट!" म्हणत सरांनी पट्ट्यांचा डबा कचऱ्यात टाकला. मी तो उचलून आणला. पट्टी खोटं बोललीच नव्हती. प्रोटीन वाढलंय, एवढंच ती म्हणाली होती. कॅन्सर हा शब्द आमचा.

तेव्हापासून कुठल्याही टेस्टच्या फॉर्मवर लक्षणांची जागा रिकामी दिसली, की मी आधी विचारते, पेशंटला ताप आहे का?