बायनाबाईचा नवस

उत्तरेश्वर बसऱ्याहून घाटनांदूरला आला, अन् आठ दिसांत पोरं त्याला 'शकूमाकू' म्हनाया लागली. वाटंनं कुनीबी भेटलं की ह्याचं सुरू, "शकू माकू?" म्हंजी तितल्या आरबी बोलीत, काय हाय, काय न्हाई?

"घरात बायकू हाय बे, अन् जिवाला सुख न्हाई," त्याचा गाडीवान दोस्त अर्जुनराव म्हनायचा.

मोठ्या लढाईत उत्तरेश्वर पलटनीची खेचरं हाकाया गेलता. तितल्या खजुरीच्या बागा, इवल्या पेल्यातला बिनदुधाचा चहा, भट्टीच्या भिंतीला थापलेली रोटी... लई जीव जडला. जेवत बसलं की रस्त्यानं जानारा म्हनायचा, "बिलआफिया." अंगी लागू दे तुला! वळख ना पाळख. आपल्याकडं परक्याची नजर लागंल म्हून ताट झाकत्यात.

लढाई सरली. सायब म्हनला, जायचं तर जावा, ऱ्हायचं तर ऱ्हावा. नगरकडले गडी बोटीत बसले. हा ऱ्हायला. वर्साच्या वर.

हिकडं मायनं, बायनाबाईनं, वैजनाथाला नवस केलता. लेक घरी येईस्तोवर भाकरी तोंडात घालनार न्हाई. नुसत्या जवारीच्या कन्या अन् आंबील. हाडाला कातडं चिकटलं. गावाला सांगायची, "सायब सोडंना, लेकरू काय करील?" आल्यावर उत्तरेश्वरानं हे ऐकलं अन् तेच खरं म्हून चालू दिलं.

सोमवारी अर्जुनरावाच्या गाडीत परळीला गेले. दर्शन झालं. पायरीवर मायनं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला. तोंडावर हासू.

"तितं जेवनाऱ्याला काय म्हनत्यात रं? म्हन की मला."

"बिल..." म्हनला, अन् शबुद आर्धाच टाकला. "माय, सायबानं कवाच सोडलं होतं. मीच ऱ्हायलो."

"कावून?"

"ग्वाड वाटलं."

मायनं मोडलेला तुकडा त्याच्या हातावर ठिवला.

"खा."

"आन् तू?"

तिनं उरली भाकरी त्याच्याच फुडं ठिवली, फडकं झटकलं, घडी घातली. ह्यानं घास तोंडात घातला.

खालून अर्जुनरावानं हाळी दिली, "मावशे, फिटला का नवस?"

बायनाबाई गुडघ्यावर हात देऊन उटली.

"न्हाई बाबा," ती म्हनली. "सायबानं आजून सोडलं न्हाई त्याला."