भोंग्याखालची हळद

लग्नाचं बोलावणं आलं की हल्ली मी आधी विचारते, मोठ्यानं गाणी लावणार का? लावणार असतील तर माझी खुर्ची लांब ठेवायला सांगते. नातवंडं हसतात. हसू देत. हळदीची गाणी म्हणणारी आमच्यात आता कुणी उरली नाही, आणि भांडायचा मला कंटाळा आलाय.

माझं लग्न झालं तेव्हा मध्य प्रांताचा नुकताच मध्य प्रदेश झाला होता. आमच्या गावात पहिला भोंगा बुऱ्हाणपूरहून आला तो माझ्याच लग्नात. वडिलांना त्याचं केवढं अप्रूप! केळीच्या बागेतली कामं टाकून त्यांनी समोर उभं राहून तो निंबाच्या झाडाला बांधून घेतला. बिनआईची पोर, तिच्या लग्नात काही कमी पडायला नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

आमच्याकडे हळदीचं गाणं फुई, म्हणजे आत्या, म्हणायची. गाण्यात घरातल्या एकेकाचं नाव घेऊन त्याला हळदीला बोलवायचं. एखाद्याचं राहिलं तर तो रुसून जेवायचा नाही. शेवटी बोलावणं वारलेल्या माणसांना. हळद लागत असतानाच हे गाणं म्हणायचं, एकदाच. पुन्हा म्हणत नसत. आई गेल्यापासून तिचं नाव घरात कुणी घेतलं नव्हतं, वडिलांना सोसायचं नाही म्हणून. त्या दिवशी ते घेतलं जाणार होतं. मी सकाळपासून त्याचीच वाट पाहत होते, नवरदेवाचीसुद्धा नाही.

फुईनं पहिली ओळ उचलली आणि भोंगा सुरू झाला. सिनेमातलं गाणं. बायका माना वर करून बघायला लागल्या, दोघी तर उठून झाडाखालीच गेल्या. काकूनं भोंगेवाल्याला थांबायला सांगितलं.

"बाई, दिनभर बजाने का ठहरा है. बंद किया तो मालिक बोलेंगे."

मालिक म्हणजे वडील. ते इच्छापूरच्या पाहुण्यांना घ्यायला वेशीवर गेले होते.

फुईला थांबता येईना, हळद लागत होती. मी तिच्या ओठांकडे बघत राहिले. ओठ हलत होते, नाव एकही कळत नव्हतं. कुणीतरी निरोप दिला म्हणून वडील धावत आले, भोंगा बंद केला, तोवर मी पावलांपर्यंत पिवळी झाले होते. बैल गेला अन् झोपा केला. वडील मान खाली घालून उभे राहिले. मला त्यांचा राग आला, आणि दयाही आली.

पाठवणीच्या वेळी मी फुईच्या गळ्यात पडले आणि विचारलं, "फुई, आईचं नाव घेतलं होतं ना?"

"घेतलं ना माय," ती म्हणाली. "पन मलेच ऐकू नाही आलं."