शिंदीवर फुगलेला पाव

पाव भाजताना त्यातली शिंदी, म्हणजे ताडीसारखी दारू, विस्तवावर उडून जाते. मग तो खाल्ला तर दारू घरात न आणण्याची शपथ मोडते का? मी बी.ए. झाले, पण याचं उत्तर मला खरंच येत नाही.

दादा लढाईवरून पोट बिघडवून आलाय. भाकरी पचत नाही, डॉक्टरांनी दूध-पाव सांगितलाय. साताऱ्याचा पाव आमच्या खेड्यात येईपर्यंत शिळा होतो, म्हणून घरीच करायला घेतला... सांगलीला कॉलेजात असताना खाल्ला होता, एवढीच माझी माहिती.

रेशनचे गहू दळून कणीक भिजवली, झाकून ठेवली. पातेल्याला खालून-वरून निखारे दिले. निघाला तो दगड.

दादा म्हणाला, "ह्यो आमच्या पलटणीत असता, तर गोळ्या वाचल्या असत्या गं." हसला, पण खाल्लं काहीच नाही.

शेवटी साताऱ्याला जाऊन एका बेकरीवाल्या म्हाताऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "शिंदीबिगर पाव फुगतुया व्हय? पेलाभर घाला, ताई."

शिंदी घरात येऊ देणार नाही, असं गावातल्या बायकांकडून मीच लिहून घेतलंय. कागदावर पहिली सही माझी, तिच्याखाली सखूअक्कांचा अंगठा. त्यांचा नवरा पिऊन त्यांना मारतो.

तरी आणली... तांब्या पदराखाली धरून. दुपारी कणकेनं वरचं फडकं उचललं. दादानं दुधात बुडवून दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागितला. आईनं तिसरा लगेच दिला.

मला मात्र राहवेना. सखूअक्कांकडे जाऊन सगळं सांगितलं. शपथ राहिली की मोडली, तुम्हीच सांगा म्हटलं.

त्या भाकरी थापत होत्या. "आवं ताई, आमचं मालक बी त्येच म्हणत्यात. औषदापुरती घेतो म्हणून." हात न थांबवता पुढे विचारलं, "दादाला पचला का पाव?"

"पचला."

"मग झालं की."

तो टोमणा होता की माफी, अजून कळत नाही... दादाचं पोट आणि सखूअक्कांची पाठ एका तराजूत घालायची तरी कशी?

पाव मी थांबवलेला नाही. आज सकाळी कागदावरचं माझं नाव खोडलं आणि तो कागद सखूअक्कांच्या हातात देऊन आले.