आईने माझ्या आत्म्यासाठी शांती मागितली

आई आज दोन दिवसांनी जेवली. दौंडला तिला सांभाळणाऱ्या सिस्टर लुसींचा आत्ताच फोन आला होता.

मित्रांनो, आईला विस्मरणाचा आजार आहे. आपला मुलगा अंतोन वारलाय, त्याच्यासाठी प्रार्थना होईपर्यंत घास घ्यायचा नाही, असं तिने परवापासून धरलं होतं. अंतोन म्हणजे मी.

सकाळी शिरूरहून धावत गेलो. म्हणालो, "आई, मी हाय की!"

तिने मला निरखून पाहिलं. "पाव्हणं, मेल्या माणसाच्या नावानं थट्टा करू न्हाई."

सिस्टर हळूच म्हणाल्या, "त्यांना खोटं पाडू नका. दुःख तर खरंच आहे ना?"

त्यांनी मेणबत्ती लावली. आम्ही दोघं आईच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसलो. अंतोनच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून मीही प्रार्थना म्हटली.

माझे डोळे भरले, तशी आईने ते पदराने पुसले. "तुम्ही कशापायी रडताय? पोरगं माझं गेलंय."

रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत फादर माझं नाव घेणार आहेत. जिवंतांसाठीही प्रार्थना करता येते, म्हणाले.

निघताना आईने बजावलं, "पाव्हणं, रविवारी चर्चात तुम्ही बी या. माझ्या शेजारी त्याची जागा मोकळीच हाय."

तुम्ही असता तर जाऊन बसला असता?