लिमबाईंचा 'टेक'

लिमबाई हातात लाकडी पट्टी घेऊनच वर्गात शिरायच्या. कुणाला ती कधी लागली नाही. पण टेबलावर अशी आपटायच्या की वह्या उडायच्या. सिंगापुरात, तोआ पायोहला एका इमारतीखालच्या खोलीत दर रविवारी त्या चिनी कामगारांना फुकट इंग्रजी शिकवत. चिनी न येणारा मी एकटाच. नववीत शाळा सोडलेला, तिथल्याच टॅम्पिनीस भागातल्या भारतीय खानावळीत स्वयंपाकी. मालकांनी बजावलं होतं, "महिनाभरात काउंटर सांभाळायला शीक. नाही जमलं तर कामाचा पास वाढवणार नाही." हे सगळं बाईंना सांगून, हात जोडून मी जागा मिळवली होती.

तो अख्खा महिना 'टेक' या एका क्रियापदावर गेला. टेबलावर गोळ्यांचं पाकीट, छत्री, रांगेतल्या नंबरची चिठ्ठी. वस्तू उचलायची, कृती करायची, वाक्य म्हणायचं. चिनी मंडळी इंग्रजीतही औषध 'खायची'. त्यांच्या भाषेत ते खातातच. मी आपल्या 'औषध घे'वरून 'टेक मेडिसिन' असं बरोबर बोललो. वाटलं, शाबासकी मिळेल. बाई म्हणाल्या, "हे तुझ्या आईनं शिकवलं. मी शिकवलेलं कुठंय?"

माझं दुखणं वेगळंच. काही विचारलं की मी हो म्हणून आपल्याकडची मान डोलवायचो. बाईंना ते 'नाही' वाटायचं.

"नाही? मग जा घरी! गिऱ्हाईक काय तुझी मान वाचणार? तोंड उघड, लाह!" हे 'लाह' म्हणजे आपलं 'रे', तिथं सगळेच वाक्याला जोडतात.

शेजारचा चेन फिदीफिदी हसायचा.

"तू काय हसतोस? तू अजून औषध खातोस!"

खरं सांगतो, त्या बाईंचा मला रागच यायचा.

महिन्याचा शेवटचा दिवस. मालक माझ्यामागे हाताची घडी घालून उभे, आणि रांगेत लिमबाई! ओळखसुद्धा दाखवली नाही. डोसा सांगितला, मग तो बदलून पुरी, परत बदलून डोसा, चटणी वेगळी, बांधून.

"ऐकू आलं का?"

मान डोलायला लागली होती, ती आवरली. "येस मॅडम. वन डोसा, चटणी सेपरेट, टेक अवे."

बाई मालकांवर खेकसल्या, "टेबलं चिकट. पंखा बंद. हा माणूस तेवढा बरा."

पास वाढला. पुढच्या रविवारी बेसनाचे लाडू घेऊन वर्गावर गेलो. बाईंनी डबा घेतला, पण मला दारातच अडवलं. माझ्या खुर्चीवर एक भेदरलेली तमिळ बाई बसली होती.

"हिच्याकडे दोनच आठवडे आहेत," बाई म्हणाल्या. "तू वेळ घालवू नकोस."

आणि दार लावून घेतलं.