हाइलच्या मुलींचं शेवटचं मानांकन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि माझ्या मुलीला, ऋचाला तर नाहीच, कारण यात फायदा तिचा झाला. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जरा सोपं जाईल असं वाटलं होतं. पण नाही जात.

मी रियाधमधल्या एका भारतीय शाळेत मुलींच्या विभागात खेळाची शिक्षिका होते. लग्नाआधी राज्याच्या संघातून बास्केटबॉल खेळले होते. संजयला तिकडे बँकेत नोकरी लागली आणि मी मागोमाग गेले. सौदीकरणाची ती वर्षं. कंपन्यांना सौदी लोकांची भरती सक्तीची झाली होती, आणि रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी इकाम्याचं, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याचं, नूतनीकरण अडकायचं. सुट्टीनंतर शाळा उघडली की वर्गात बाकं रिकामी दिसायची. हे मी सबब म्हणून सांगत नाही. संजयची नोकरी शाबूत होती. आम्हाला कुणी हात लावला नव्हता. मग कशाला केलं मी ते?

सांगते. पण आधी मानांकनाचं सांगायला हवं.

दरवर्षी देशातल्या भारतीय शाळांची मुलींची बास्केटबॉल स्पर्धा व्हायची. बंद हॉलमध्ये, फक्त बायकांसमोर. मुलींचे वडील बाहेर पार्किंगमध्ये गाड्यांत बसून फोनवर स्कोअर विचारायचे. अंतिम फेरीतल्या दोन संघांतून काही मुली निवडल्या जायच्या आणि भारतात राष्ट्रीय शालेय स्पर्धेला जायच्या. स्पर्धेआधी तिघींची समिती संघांना मानांकन द्यायची — एक जेद्दाची, एक दमामची आणि रियाधची मी.

नियम असा, की मोठ्या शहरांतल्या शाळांना हरवलं तर गुण जास्त. हाइल, तबूक, बुरैदा अशा लहान गावांतल्या शाळांनी एकमेकींना हरवलं तर त्याला फारशी किंमत नाही. वरवर बरोबरच वाटतं ना? आमच्याकडे मुली जास्त, सराव जास्त, सामने कठीण. मी हे कितीदा तरी पालकांना पटवून दिलं होतं. पण लहान शाळांशी खेळायला आम्ही मोठ्या शाळा जातच नव्हतो. मग त्यांनी आम्हाला हरवायचं कधी? वर यायचं तर वरच्यांशी खेळायला हवं, आणि वरच्यांशी खेळायचं तर आधी वर असायला हवं. हे मला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं.

त्या हिवाळ्यात गाईडच्या शिबिरासाठी आम्ही मुलींना घेऊन हाइलला गेलो; त्यांत ऋचासकट आमचा बास्केटबॉलचा संघही होता. तिथे नसरीन भेटली. मूळची दापोलीकडची, तिथल्या भारतीय शाळेत शिकवायची. तिचा नवरा इरफान मोबाइलच्या दुकानात कामाला होता. माझं आडनाव ऐकून ती सरळ मराठीत बोलायला लागली. त्या थंडीत दोन-तीन दिवस तिच्या घरची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खाल्लं मी. मीठ खाल्लं, म्हणतात ना — तसं.

शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "माधवीताई, आमच्या पोरींशी एक मॅच खेळा ना. कुणीच खेळत नाही आमच्याशी."

खेळलो. आणि हरलो. थोडक्यात नव्हे — चांगलेच हरलो. त्यांच्यात सुमैया नावाची एक हैदराबादी मुलगी होती. डाव्या हाताने ड्रिबल करत ती अशी आत घुसायची की ऋचा नुसती बघत राहायची. पण एकट्या सुमैयामुळे जिंकल्या असंही नाही. पाचही जणींना एकमेकींची जागा न बघता ठाऊक होती. मी इतकी वर्षं शिकवूनही माझ्या मुलींना ते जमलं नव्हतं.

सामना अनधिकृत होता. पण समितीतल्या कुणी स्वतः पाहिलेला असेल, तर तो मानांकनात धरता यायचा. नसरीनला हे माहीत होतं. बसजवळ तिने माझा हात धरला. "ताई, तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. एवढं फक्त सांगा तिथे."

"सांगणार म्हणजे काय! सांगणारच," मी म्हणाले. आणि त्या क्षणी ते खरं होतं. खरंच होतं का? रियाधच्या वाटेवर बसमध्ये मी मनातल्या मनात मांडणी करत होते. जेद्दा पहिली, आम्ही दुसऱ्या. हाइलला तिसरं मानांकन मिळालं, तर उपांत्य फेरीत त्या आमच्यासमोर. ऋचाचं शाळेतलं ते शेवटचं वर्ष होतं. तिला भारतात खेळायला जायचं होतं. तिच्याहून जास्त, मला तिला पाठवायचं होतं.

समितीची बैठक आमच्याच शाळेत झाली. जेद्दाच्या बाई सरळ स्वभावाच्या. त्यांनीच विषय काढला — हाइलचा संघ वर्षभरात एकदाही हरलेला नाही, त्यांना शेवटी टाकणं बरं दिसत नाही. दमामच्या म्हणाल्या, हरलेला नाही, पण कुणाशी खेळून? मग दोघी माझ्याकडे वळल्या.

"माधवी मॅडम, आपने उनका गेम देखा है?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"नहीं," मी म्हणाले. "कभी मौका नहीं मिला."

एवढंच. दमामच्या बाईंनी हाइलचं नाव सगळ्यात खाली घेतलं. शेवटचं मानांकन — म्हणजे पहिलाच सामना जेद्दाशी. आमच्या वाटेतली एक तरी अडचण पहिल्याच दिवशी दूर होणार होती. हे मी बोलताना ठरवलेलं नव्हतं, असं म्हणायची सोय आहे. पण ठरवलेलं होतं.

वेळापत्रक आल्यावर ऋचाने विचारलं, "पण मम्मा, दे बीट अस! मग लास्ट कशा?"

"ती फ्रेंडली होती. धरत नाहीत," मी म्हणाले. "आणि उगाच बोलत बसू नकोस त्याबद्दल." बाकीच्या मुलींनाही तेच बजावलं. पंधरवडाभर डोक्यात तेच. एका मुलीने जेद्दाच्या मुलीला सहज सांगितलं असतं, तर? त्या हॉलमध्ये कुणीही कुणाशी कुजबुजलं की वाटायचं, झालं, कळलं.

हाइलच्या मुली रात्रभर बसने प्रवास करून आल्या आणि सकाळी थेट मैदानात उतरल्या. तरीही शेवटपर्यंत जेद्दाच्या बरोबरीने राहिल्या. मी प्रेक्षकांत बसले होते. अखेरच्या क्षणी जेद्दा एका गुणाने पुढे होती. चेंडू सुमैयाकडे आला, ती डावीकडून घुसली, उडी मारली. चेंडू रिंगवर बसला, फिरला. काय हवं होतं मला त्या क्षणी, विचारा. चेंडू बाहेर पडला. माझ्या आत कुणीतरी म्हणालं — खलास. आणि मला हलकं वाटलं. एक मुलगी जमिनीवर बसून रडत होती, आणि मला हलकं वाटलं.

त्यानंतर जे केलं, ते पहिल्याहून वाईट आहे.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर नसरीन भेटली. डोळे लाल, अबायाची बटणं खालीवर लावलेली. तिने आरोप केला नाही. नुसतं विचारलं, "ताई, तुम्ही सांगितलं होतंत ना?"

खरं सांगायला तेव्हाही उशीर झाला नव्हता. फार तर तिने मला थोबाडीत मारली असती. मी म्हणाले, "सांगितलं गं. खूप भांडले मी. त्या दोघींनी ऐकलंच नाही."

आणि तिने मला मिठी मारली. म्हणाली, "तुम्ही तरी बोललात. आमच्यासारख्यांसाठी कोण बोलतं?"

जेद्दाच्या बाई, ज्यांना खरोखर त्या मुलींची बाजू पटली होती, त्यांच्याशी नसरीन पुढे कधी धड बोलली नाही. तेही माझंच.

आम्ही अंतिम फेरी गाठली. ऋचाची निवड झाली. ती भारतात खेळून आली. आज तिला विचारलं, तर आयुष्यातला सगळ्यात सुंदर आठवडा म्हणून तोच सांगते.

पुढच्या वर्षी मोबाइलची दुकानं फक्त सौदींनीच चालवायची असा नियम आला. इरफानची नोकरी गेली आणि ते दापोलीला परतले. सुमैयाचे वडीलही त्याच बाजारात होते. तेही गेले. हाइलचा तो संघ पुन्हा उभा राहिला नाही.

आम्ही पुण्यात परत आल्यावर नसरीनचा फोन आला. ती गावच्या शाळेत शिकवते, मुलींचा संघ बांधलाय, शाळेने सिमेंटचं कोर्ट करून दिलंय, उद्घाटनाला तुम्हीच हव्यात. मी कामाची कारणं दिली. ती ऐकेना. शेवटी गेले.

मंडपात पालक होते, शिक्षक होते, पुढे जमिनीवर मुली बसल्या होत्या. सुमैयाचं लग्न झालं, हैदराबादला असते, असं नसरीन बोलता बोलता म्हणाली. ती अजून खेळते का, हे मी विचारलं नाही. मग नसरीनने माइक घेतला आणि मुलींना मानांकनाची ती गोष्ट सांगितली. त्या खोलीत तिघी होत्या, म्हणाली, आणि त्यांतल्या एकीनेच आपल्यासाठी तोंड उघडलं — त्या या माधवीताई. मुली मान उंच करून माझ्याकडे बघायला लागल्या. शाल पांघरली गेली. माइक माझ्या हातात आला.

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

मी खिलाडूवृत्तीवर बोलले. लहान गावातून आलात म्हणून स्वतःला कमी समजू नका, म्हणाले. मैदानात खोटं चालत नाही, असंही म्हणाले. हे वाक्य मी आयत्या वेळी बोलले, ठरवून नव्हे, आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्याच वाक्याला पडल्या. नसरीन पहिल्या रांगेत होती. ती डोळे पुसत टाळ्या वाजवत होती.

गाडीत बसवायला आली तेव्हा म्हणाली, "ताई, काय छान बोललात."

मी "हो ना" म्हटलं, आणि काच वर केली.