नानांचे बांबू

घड कापताना केळीच्या चिकाचा वास आला, की फैजपूरजवळच्या आमच्या शेतातली ती सकाळ आठवते. आदल्या दिवशी वादळ झालं होतं. आमची बाग उभी दिसताच मी बायकोला फोनवर ओरडून सांगितलं, "वाचलो आपण!"

बांधापलीकडे शेजारच्या नानांची सगळी केळी आडवी पडली होती. मोडलेल्या खोडांत बसून नाना ऐकत होते.

"बरं झालं रे भाऊ, तुही बाग तरी वाचली," ते म्हणाले. "माह्ये टेकूचे बांबू घेऊन जाय. वारा सुटला तर तुले लागतीन."

मी बांबू उचलले. दुसरं टोक नानांनीच धरलं. त्यांच्या बागेबद्दल मी त्यांना एका शब्दानेही विचारलं नाही.

लाजेमुळे विचारलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं तर मला टेकू लावायची घाई होती.